पूजेनंतरची पाच मिनिटं

बिबवेवाडीतल्या रंगनाथ मोहित्यांच्या वर्कशॉपात दसऱ्याच्या पूजेचे दोन नियम होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिला नियम, पूजेला मशीन पुरतं हवं. पट्टा उतरवलेला, झाकण उघडं, एखादा नट टेबलावर लोळतोय, असलं काही चालायचं नाही. "खंडित मूर्तीची पूजा करता का? मग खंडित मशीनची का करायची?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या मशीनकडे वळायचे. दुसरा नियम, आरती झाली, नारळ फुटला, की मशीन पाच मिनिटं चालवायचं. पूजून बंद ठेवलं तर लक्ष्मी रुसते. हे कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणाल, तर कुठल्याच नाही. रंगनाथांना काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलं होतं, त्यांनी ते धरलं आणि पुढे भेटेल त्याला सांगत सुटले. पुण्याचा माणूस, सल्ला द्यायला पैसे थोडेच पडतात.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याचा एक गाळा. पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा धंदा. दिवसातून चार-चार वेळा वीज जायची, यायची, भलत्याच दाबाने यायची, आणि लोकांचे पंप पटापट जळायचे. सगळं शहर महावितरणाच्या नावाने बोटं मोडत होतं तेव्हा रंगनाथांच्या दारात मोटारींची रांग लागलेली असायची. त्यांना त्याची थोडी लाजही वाटायची.

तर त्या दसऱ्याला सकाळी अकराला पूजा झाली. दुर्गाबाईंनी आरती म्हटली. दुर्गाबाई तिथे बावीस वर्षं तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळत होत्या, आणि मालकाला चार गोष्टी सुनवायचा परवाना त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला होता. नारळ फुटला. रंगनाथांनी झेंडूची माळ सारखी केली आणि म्हणाले, "हं, चालवा."

दुर्गाबाईंनी लेथचं हिरवं बटण दाबलं. लेथ घुमायला लागला, माळ थरथरली, कामगारांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथांच्या हातात आरतीचं तबक होतं. ते त्यांच्या हातातून सुटलं आणि फरशीवर आपटलं.

"अगं बाई! काय झालं?" दुर्गाबाई म्हणाल्या. "चक्कर आली का? तरी म्हटलं होतं, उपाशीपोटी उभं राहू नका."

रंगनाथांना चक्कर आली नव्हती. त्यांना भोकरवाडी आठवली होती.

भोकरवाडी म्हणजे पानशेतच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीतली पस्तीस घरं. सरकारी खांब पंधरा वर्षं 'पुढच्या वर्षी' येत होते. वाडीच्या डोक्यावर एक ओढा होता आणि तो दिवाळीनंतरही चांगला तीन-चार महिने वाहायचा. रंगनाथांनी दोन वर्षांपूर्वी त्या ओढ्यावर एक सेट बसवला. युक्ती साधी होती. पंपाला वीज दिली की तो पाणी ढकलतो, तर मग पंपात उलटं पाणी सोडून त्याच्याकडून वीज घ्यायची. वरून पाइपाने पाणी आणायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, की वाडीत दिवे. पहिल्या रात्री दिवा लागला तेव्हा एका म्हातारीने बल्बला हात जोडले होते, आणि रंगनाथ तोंड फिरवून रडले होते. आयुष्यात एवढं एकच काम आपण धंद्यापलीकडचं केलं, असं ते बायकोला म्हणायचे.

त्या सेटची राखण हिंदुराव आबांकडे होती. आबा सत्तरीचे. सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळणारा माणूस. आणि पहिल्या वर्षी दसऱ्याला रंगनाथ स्वतः तिथे होते. त्यांनी स्वतः आबांच्या हाताने पूजा करवून घेतली होती. "आबा, मशीन पुरतं पाहिजे बरं का. आणि बारा वाजता नारळ फोडला की पाच मिनिटं पाणी सोडायचं, विसरायचं नाही."

"न्हाई इसरायचो, भाऊ," आबा म्हणाले होते. ते विसरणारच नव्हते, हाच तर घात होता.

कारण आज त्याच वाडीत, त्याच तारेवर, तेजस्विनी खांबावर चढलेली होती.

तेजस्विनी ही रंगनाथांची एकुलती एक. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. पाच दिवस काचेच्या इमारतीत बसायची आणि सुट्टी मिळाली की बापाच्या सेटमागे लागायची. वरच्या आळीतली सहा घरं अजून अंधारात होती. त्यांच्यापर्यंत तार ओढायची म्हणून ती दसऱ्याची सुट्टी साधून आदल्या दिवशीच गेली. "सणासुदीला कोण घराबाहेर जातं गं?" म्हणून आई फुरंगटली होती. रंगनाथ मात्र निर्धास्त होते. काम सुरू करायच्या आधी मशीनजवळच्या बोर्डावरचे दोन्ही फ्यूज उपटायचे आणि आपल्या खिशात घालायचे, हे त्यांनी पोरीला दहावीत असल्यापासून शिकवलं होतं. फ्यूज तुझ्या खिशात, तर तार मेलेली. कुणी पाणी सोडलं काय, न सोडलं काय.

पण जुलैमध्ये ते एकटेच वाडीला गेले होते तेव्हा त्यांनी आबांना फ्यूजची एक जादा जोडी देऊन ठेवली होती. पावसाळ्यात एखादा उडाला तर म्हाताऱ्याची पंचाईत नको म्हणून. आबांनी ती लाल फडक्यात बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवली होती. तेजूला हे ठाऊक नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं होतं.

आता सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. आबा मशीन पुसतील. बोर्डाला कुंकू लावायला जातील आणि बघतील, तर फ्यूजच्या जागा रिकाम्या. खंडित मशीन! आबा देवळीतलं फडकं सोडतील. आणि मग बारा वाजता...

"लेथ बंद करा!" रंगनाथ ओरडले. "बंद करा आधी ते!"

लेथ थांबला. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्यांनी तेजूचा मोबाइल लावला. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.' हे त्यांना माहीतच होतं, वाडीत मोबाइलला रेंज नव्हती, तरी त्यांनी तीनदा लावला. मग सोजरबाईचा नंबर. सोजरबाई वाडीत छोटं दुकान चालवायची, मीठ-मिरची, काडेपेट्या. तिच्याकडे टेबलावर ठेवायचा एक बिनतारी फोन होता आणि त्याचा अँटेना छपरावर बांबूला बांधलेला होता. सगळ्या वाडीचा मिळून तेवढा एकच फोन. तिचा नवरा रामदास तारेच्या कामाला तेजूच्या हाताखाली असायचा.

फोन बंद होता.

"लागत नाही?" दुर्गाबाईंनी विचारलं. काहीतरी भलतं घडतंय हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या आवाजातला नेहमीचा तिखटपणा गेला होता.

"कसा लागेल? त्याची बॅटरी मेलीय. थेट प्लगवर चालतो. तेजूने काल काम काढल्यापासून वाडीत लाइट नाही. लाइट नाही तर फोन नाही." रंगनाथांनी कपाळावर हात मारून घेतला. "दुर्गाबाई, मी माझ्या हाताने पोरीला मारलं हो."

"शुभ बोला!" दुर्गाबाई खेकसल्या. "आजच्या दिवशी असलं काही तोंडातून काढू नका. काय झालंय ते नीट सांगा."

त्यांनी सांगितलं. दुर्गाबाईंना दोनदा सांगावं लागलं नाही, उभं आयुष्य तारेत गेलेलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

मग धावपळ सुरू झाली. एका कामगाराने जीप काढायची तयारी केली, पण वाडीला पोचायला अडीच तास, आणि शेवटचा टप्पा पायी. रंगनाथांनी तालुक्याच्या पोलीस ठाण्याला फोन केला. हवालदार भला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आत्ता निघालो तरी दीड-दोन तास. निघतोच." त्यांनी पायथ्याच्या गावातल्या ओळखीच्या एका माणसाला फोन केला. तो सोनं लुटायला सासुरवाडीला गेला होता. घड्याळात अकरा चाळीस झाले.

"एखादा माणूस तरी त्या डोंगरावर..." दुर्गाबाई पुटपुटल्या.

"कुणी नाही हो. कुणी नाही." रंगनाथ पुन्हा सोजरबाईचा नंबर फिरवत होते. बंद. पुन्हा. बंद.

एवढ्यात सुहासिनीबाई डबा घेऊन आल्या. रंगनाथांच्या पत्नी. दर दसऱ्याला वर्कशॉपात सगळ्यांना त्यांच्या हातचं श्रीखंड असायचं. दारात चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या, "काय हो, आरती आटोपली वाटतं? आमच्यासाठी थांबायची पद्धत नाहीच म्हणा या घरात." आणि मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"तेजूचं काही आहे का?"

रंगनाथ नाही म्हणणार होते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी फार थोड्या वेळा खोटं बोलले होते, आणि दर वेळी पकडले गेले होते. ते पुन्हा नंबर लावायला लागले.

"अहो, मी विचारतेय. तेजूचं आहे का काही?"

"ती तारेवर आहे आणि आबा बारा वाजता मशीन सुरू करणार आहेत," ते म्हणाले. "मीच सांगितलंय त्यांना तसं."

सुहासिनीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डबा लेथवर ठेवला, हळदकुंकू पुसलं जाईल याचंही भान त्यांना नव्हतं, आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "लावा," त्या म्हणाल्या. "लावत राहा. माझ्याशी बोलू नका."

ते लावत राहिले. बाहेर पोरं आपट्याची पानं घेऊन या दारातून त्या दारात फिरत होती. एकाने आत डोकावून "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हटलं, तर दुर्गाबाईंनी त्याला हातानेच हाकललं. रंगनाथांच्या बगलेतून घामाचा ओघळ वाहत होता. त्यांना आठवत होतं, तेजू सहा वर्षांची असताना तिने इथेच, याच टेबलावर, उघड्या वायरीला बोट लावलं होतं. जरासाच झटका बसला होता, ती रडलीसुद्धा नव्हती. पण तिचे डोळे एवढे मोठे झाले होते, आणि ते डोळे त्यांनी नंतर कितीतरी दिवस स्वप्नात पाहिले. त्यानंतर त्यांनी तिला एकेक गोष्ट शिकवली. फ्यूज खिशात. कोरडे पाय. आधी टेस्टर, मग हात. सगळं शिकवलं, आणि स्वतः मात्र लाल फडक्यात मरण बांधून देऊन आले.

बारा वाजले.

रंगनाथांचं बोट आता आपोआप फिरत होतं. बंद. बंद. बारा वाजून चार मिनिटांनी त्यांनी पुन्हा नंबर लावला आणि कानाशी धरला.

रिंग वाजली.

"लागला!" एक कामगार ओरडला. त्याला रिसीव्हरमधला आवाज बाहेरूनच ऐकू आला होता. "भाऊ, लागला की!" सगळ्यांचे चेहरे उजळले. सुहासिनीबाईंनी डोळे मिटून देवाला हात जोडले.

फक्त दुर्गाबाई आणि रंगनाथ यांच्या चेहऱ्यांवरचं रक्त उतरलं. फोन लागला, कारण फोनला वीज मिळाली. वीज मिळाली, कारण आबांनी पाणी सोडलं. त्यांच्या कानात जी ट्रिंग ट्रिंग वाजत होती ती त्याच तारेतून निघालेली होती जिच्यावर त्यांच्या पोरीचे हात होते. रिंग वाजतेय तोवर तार जिवंत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हा फोन बंद पडू दे, देवा, हा फोन बंद पडू दे.

"हालू," तिकडून सोजरबाईचा आवाज आला, एकदम खुशीत. "कोन, रंगनाथभाऊ का? अवो, लाइट आली बगा! आबांनी आत्ताच नारळ फोडला."

"तेजू! सोजरबाई, तेजू कुठाय?"

"ताई? ताई हितंच हुत्या की. सणाचं उपाशी कुटं ऱ्हायचं, म्हनून मीच जेवाय खाली बोलावलं. ताट वाढलं, चार घास खाल्लं, तवर बलब पेटला. तशा ताट टाकून पळाल्या बगा वड्यावरच्या मशिनीकडं. चप्पलबी घातली न्हाई. का वो? काय झालं?"

ती जिवंत होती. खांबावर नव्हती. जमिनीवर होती, पायांनी पळत होती. रंगनाथांनी टेबलाची कड धरली.

"मग खांबावर कोण आहे?"

"आमचं ह्ये गेल्यात वर. म्हनले, ताई जेवूस्तवर तारंचा तेवडा सांदा मारतो."

"बरं झालं!" रंगनाथ म्हणाले. "बरं झालं गं बाई, बरं झालं!"

ते शब्द त्यांच्या तोंडातून आतड्यासकट बाहेर आले. मनात काही विचार नव्हता, फक्त तेजू होती. एक श्वास, दोन श्वास, कदाचित तीन. मग त्यांना कळलं की आपण काय ऐकलं आणि आपण काय म्हणालो.

"सोजरबाई!" ते किंचाळले. "तार जिवंत आहे! रामदासला हाका मारा, तारेला हात लावू नको म्हणावं! पळा! पळा हो!"

पण तिकडे कुणी ऐकत नव्हतं. फोन टेबलावर पडल्याचा आवाज आला. लांबून कुठून तरी माणसं ओरडत होती, मग एका बाईचा आवाज, तो सोजरबाईचा होता की नाही हे त्यांना ओळखता आलं नाही. आणि मग फोन बंद पडला. तेजू ओढ्यावर पोचली होती, तिने पाणी तोडलं होतं.

"काय झालं?" सुहासिनीबाई विचारत होत्या. "तेजू कशी आहे? बोला ना!"

"तेजू बरी आहे," ते म्हणाले. सुहासिनीबाई तिथेच लेथला टेकून रडायला लागल्या. रंगनाथांना मात्र रडू येईना.

संध्याकाळी साडेसहाला रामदासला पुण्यात आणलं. वाडीतल्या पोरांनी त्याला झोळीतून डोंगराखाली उतरवलं होतं, पुढे पोलिसांची जीप. रंगनाथ आणि सुहासिनीबाई दवाखान्याच्या फाटकात दोन तास आधीपासून उभे होते. रामदासचे दोन्ही तळहात कोळसा झालेले, खांबावरून पडून कमरेचं हाड मोडलेलं, पण माणूस जिवंत होता. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका टळलाय, हातांचं मात्र आत्ता काही सांगता येणार नाही.

तेजू बाहेरच्या बाकावर बसली होती. तिचे पाय काट्यांनी ओरबाडले होते. आईने तिला जवळ घेतलं तरी ती ताठच होती. "बाबा," ती म्हणाली, "फ्यूज माझ्या खिशात होते. अजून आहेत. मला कळत नाहीये, कसं झालं हे."

रंगनाथांनी तिला जादा फ्यूजचं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवेना म्हणून ते फरशीकडे बघत राहिले.

"म्हणून आबा सारखे म्हणत होते," तेजू हळूच म्हणाली. "भाऊंनी सांगितलं तसंच केलं म्हणे, एक गोष्ट सोडली नाही. मला जेवायला खाली येताना बघितलं, म्हणजे वर कुणी नसणार असं धरलं त्यांनी. पाय धरून विचारत होते मला, माझं काय चुकलं."

तिच्या दुसऱ्या बाजूला सोजरबाई होती. नवीन लुगडं, सणाचं, त्यावर चिखल. दुपारपासून तिने तेजूचा हात हातात धरून ठेवला होता. रंगनाथ तिच्यासमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "सगळा खर्च माझा. हात बरे होईपर्यंत, नंतरसुद्धा. आयुष्यभर."

"त्ये ऱ्हाऊ द्या, भाऊ," सोजरबाई म्हणाली. तिचा आवाज ओरडून ओरडून बसलेला होता. "मला एक इचारायचं हाय. मी सांगितलं, आमचं ह्ये वर गेल्यात. तवा तुमी 'बरं झालं' म्हनला. दोनदा, तीनदा म्हनला. मी रस्ताभर इचार करतीया. काय बरं झालं?"

सुहासिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तेजूनेही पाहिलं. काहीतरी सांगता आलं असतं. लाइनीत खरखर होती, मी दुसऱ्याशी बोलत होतो, तुम्ही चुकीचं ऐकलंत. त्या बाईने विश्वाससुद्धा ठेवला असता.

"मला वाटलं होतं, वर तेजू आहे," रंगनाथ म्हणाले.

सोजरबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग तेजूकडे.

"हां," ती म्हणाली. "मग बराबर हाय. आईबापाच्या तोंडातनं दुसरं काय येणार? माज्याबी आलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण बोलून झाल्यावर तिने तेजूच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, पदर सावरला आणि नवऱ्याच्या खोलीबाहेर, दाराशी, खाली फरशीवर जाऊन बसली.